लस तीच, मग प्रतिपिंडे का नाहीत?

हिपॅटायटिस बीची लस. एकाच खोक्यातल्या कुप्या, सारखीच मात्रा, दंडाच्या त्याच स्नायूत दिलेले इंजेक्शन. पहिला डोस, मग एक महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. वेळापत्रक चोख पाळलेले. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासले, की निरोगी प्रौढांपैकी दहात नऊ किंवा त्याहून अधिक जणांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, पुरेशा प्रमाणात सापडतात. राहिलेल्या थोड्यांच्या अहवालात मात्र आकडा दहाच्या खालीच अडकलेला असतो. लिटरमागे १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके ही संरक्षणाची सीमारेषा मानली जाते. तिच्या खाली राहिलेल्यांना वैद्यकीय भाषेत ‘नॉन-रिस्पॉन्डर’ म्हणतात.

रुग्णालयात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा आहे. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला टोचलेली सुई लस न घेतलेल्या परिचारिकेच्या, तंत्रज्ञाच्या किंवा सफाई कामगाराच्या बोटात घुसली, तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के असते. तशाच अपघातात एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. म्हणजे ज्या विषाणूची धास्ती कमी, तोच कितीतरी पटींनी सहज शिरतो. त्यामुळे आकडा दहाच्या खाली आला, की माणूस घाबरतो. पहिला संशय लसीवर जातो: ती फ्रीजबाहेर राहिली असेल, मुदत संपली असेल. दुसरा स्वतःवर: ‘माझी प्रतिकारशक्तीच मुळात कमी आहे.’

अनेकदा हे दोन्ही संशय चुकीचे असतात. लस चांगली असते आणि माणूसही धडधाकट असतो. एरवी सर्दी-तापाशी, जखमेच्या जंतूंशी त्याचे शरीर उत्तम झुंज देत असते. तरीही या एकाच लसीपुढे ते गप्प राहते. असे का होते, याचे उत्तर दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या संवादात आहे. हा संवाद कोणाशी आणि कशाबद्दल होऊ शकतो, यावर आपल्या जनुकांचा पहारा असतो. तो पहारा कसा सापडला, ही गेल्या शतकातील वैद्यकशास्त्राची एक महत्त्वाची कथा आहे.

एक कोंबडीकडून, एक उंदराकडून

प्रतिपिंडे ही रक्तात फिरणारी प्रथिने. विषाणूला किंवा जिवाणूच्या विषाला चिकटून ती त्याला निकामी करतात. ती बनवते कोण, हे १९५०च्या दशकापर्यंत नीट ठाऊक नव्हते. पहिला धागा कोंबडीत सापडला. पक्ष्यांच्या शेपटीखाली, विष्ठामार्गाजवळ एक छोटी पिशवी असते. इटलीतील पडुआ येथील शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियस यांच्या नावाने ती ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’ म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हे तरुण संशोधक ही पिशवी काढून टाकलेल्या कोंबड्या पाळत होते. त्यातल्या काही कोंबड्या एका सहकाऱ्याने वर्गात प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी नेल्या. जंतू टोचूनही बर्सा नसलेल्या कोंबड्यांनी प्रतिपिंडे बनवलीच नाहीत. १९५६ मध्ये हा निबंध कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. त्यामुळे वैद्यकातील मंडळींची नजर त्याच्यावर जायला काही वर्षे लागली.

दुसरा धागा लंडनमध्ये, १९६१ साली हाती आला. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. वयात आल्यावर ती आक्रसत जाते, म्हणून तिला फारसे काम नाही, असा समज होता. जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. ती पिल्ले रोडावली, संसर्गांना बळी पडली, आणि त्यांच्या अंगावर परक्या उंदराच्या कातडीचे कलम लावले तर ते नाकारलेही गेले नाही. थायमसमधून निघणाऱ्या पेशींना पुढे ‘टी पेशी’ हे नाव मिळाले. बर्सातून येणाऱ्या त्या ‘बी पेशी’. माणसाला बर्सा नसते. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये तयार होतात, आणि योगायोगाने तिचे इंग्रजी आद्याक्षरही ‘बी’च आहे.

कामाची वाटणी स्पष्ट झाल्यासारखी वाटत होती: बी पेशी प्रतिपिंडांसाठी, टी पेशी कलम नाकारण्यासाठी. पण मग थायमस काढलेल्या उंदरांत प्रतिपिंडेही कमी का होत? १९६६ मध्ये डेन्व्हर येथे हेन्री क्लॅमन आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. किरणोत्साराने ज्यांच्या पांढऱ्या पेशी नष्ट केल्या आहेत अशा उंदरांना त्यांनी नुसत्या थायमसच्या पेशी दिल्या. प्रतिपिंडे नगण्य. नुसत्या अस्थिमज्जेच्या पेशी दिल्या, तरीही नगण्य. दोन्ही एकत्र दिल्या, तेव्हा दोन्हींच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रतिपिंडे तयार झाली. १९६८ मध्ये मेलबर्न येथे मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी कोडे सोडवले: प्रतिपिंडे बनवते ती बी पेशीच, पण टी पेशीची मदत मिळाल्याशिवाय ती कामाला लागत नाही. ही वाटणी उलगडणारे मिलर आणि कोंबड्यांवरील काम पुढे नेणारे मॅक्स कूपर यांना २०१९ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची, तशीच ही व्यवस्था आहे. प्रतिपिंडे हे शस्त्र आहे, आणि ते चुकून स्वतःच्याच शरीरावर चालले तर अनर्थ होतो. म्हणून एकट्या बी पेशीच्या हाती निर्णय सोपवलेला नाही.

जोडलेले असेल तरच

ही मदत होते कशी? लंडनमध्ये अ‍ॅव्हरियन मिचिसन आणि जर्मनीत क्लाउस रायेव्स्की यांच्या प्रयोगांतून एक विचित्र नियम समोर आला. एखादे छोटे रसायन एकटे टोचले, तर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तेच मोठ्या प्रथिनाला जोडून टोचले, तर होतात. बी पेशी त्या रसायनाला ओळखते आणि टी पेशी त्या प्रथिनाला. पण रसायन आणि प्रथिन एकमेकांना प्रत्यक्ष जोडलेले असले पाहिजेत. दोन्ही सुटे सुटे टोचून चालत नाही.

म्हणजे टी पेशी मोघम मदत करत नाही. ज्या बी पेशीने नेमका तोच जोड पकडला आहे, तिलाच ती हात देते. पण दोघी त्या पदार्थाची वेगवेगळी टोके पाहत असताना हे तिला कळते कसे, हा प्रश्न पुढची पंधरा वर्षे अनुत्तरित राहिला.

परक्याला मदत नाही

याच सुमारास दुसऱ्या बाजूने आणखी एक प्रवाह येत होता. व्हेनेझुएलात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये संशोधन करणारे बारूज बेनासेराफ यांनी गिनीपिगना एक साधा कृत्रिम पदार्थ टोचला. काहींनी जोरदार प्रतिसाद दिला, काहींनी अजिबात नाही. प्राणी निरोगी, पदार्थ तोच, मात्रा तीच. आजच्या ‘नॉन-रिस्पॉन्डर’ कर्मचाऱ्याची ही हुबेहूब आवृत्ती म्हणता येईल. पिढ्यांचा माग काढल्यावर प्रतिसाद देण्याची क्षमता आनुवंशिक निघाली. उंदरांवर काम करणारे ह्यू मॅकडेव्हिट यांनी १९६९ मध्ये त्या जनुकांचा पत्ता शोधला. ती जनुके ‘एच-२’ या गुणसूत्राच्या भागात होती. हा भाग शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होता, पण अगदी वेगळ्या कारणासाठी: एका उंदराचे कलम दुसऱ्याला चालेल की नाही, हे तो ठरवत असे. माणसात याच भागाला ‘एचएलए’ म्हणतात. मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाआधी जी ‘मॅचिंग’ची तपासणी होते, ती याचीच.

कलम नाकारणारी जनुके आणि लसीला प्रतिसाद देणारी जनुके शेजारी-शेजारी का असावीत? उत्तराकडे नेणारे पाऊल १९७२ मध्ये पडले. जन्मतः थायमस नसलेले, अंगावर केस नसलेले ‘न्यूड’ उंदीर तोवर प्रयोगशाळेत आले होते. त्यांच्यात बी पेशी असतात, टी पेशी जवळजवळ नसतात. बेरेनीस किंड्रेड आणि डोनाल्ड श्रेफ्लर यांनी त्यांना बाहेरून टी पेशी दिल्या. त्यांच्याच एच-२ घराण्यातल्या टी पेशी दिल्या, तर प्रतिपिंडे तयार होऊ लागली. परक्या एच-२च्या दिल्या, तर नाही.

पण इथे एक शंका उरत होती. परकी टी पेशी यजमानाच्या पेशींना शत्रू समजते आणि त्यांच्याशी लढते. मग मदत झाली नाही ती भाषा न जुळल्याने, की मारामारीमुळे? तोवर हार्वर्डमध्ये आलेले बेनासेराफ, तसेच डेव्हिड कॅट्झ आणि तोशियुकी हमाओका यांनी १९७३ मध्ये यावर तोड काढली. दोन भिन्न घराण्यांच्या उंदरांचा संकर केला, तर पिल्लांत दोन्हींची एच-२ ओळख असते. असा संकरित उंदीर त्यांनी यजमान म्हणून वापरला आणि मारामारीचा गोंधळ आटोक्यात राहील अशी प्रयोगाची रचना केली. त्यानंतरही निष्कर्ष तोच आला. एका घराण्याची टी पेशी दुसऱ्या घराण्याच्या बी पेशीला मदत करीना. संकरित उंदराच्या बी पेशीला मात्र ती मदत करत होती, कारण त्या पेशीवर तिच्या घराण्याची खूण होती. १९७५ पर्यंत हा अडसर एच-२ मधल्या नेमक्या एका उपविभागात असल्याचे दिसले. प्रतिसाद देण्या-न देण्याची जनुके याच उपविभागात होती.

कॅनबेरा येथे १९७४ मध्ये पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी मारक टी पेशींबद्दल असाच नियम शोधला. विषाणूबाधित पेशी परक्या एच-२ ची असेल, तर मारक पेशी तिला हात लावत नाही. बेनासेराफ यांना १९८० मध्ये जॉर्ज स्नेल आणि ज्याँ दॉसे यांच्यासह, तर डोहर्टी आणि झिंकरनागेल यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

जन्माने की शिक्षणाने?

सुरुवातीला या निष्कर्षाचा सरळ अर्थ लावला गेला: टी आणि बी पेशी एकाच घराण्याच्या असल्या, दोघींची जनुके सारखी असली, तरच त्यांचे जुळते. हा अर्थ पटण्यासारखा होता, पण पुरता खरा नव्हता.

१९७५ मध्ये हॅराल्ड फॉन बोमर, जोनाथन स्प्रेंट आणि सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली. त्यांनी संकरित उंदराची मूळ अस्थिमज्जा किरणोत्साराने नष्ट केली आणि दोन्ही घराण्यांची अस्थिमज्जा मिसळून त्याला दिली. आता त्या एकाच शरीरात दोन घराण्यांच्या टी पेशी एकत्र वाढल्या. त्यातली पहिल्या घराण्याची टी पेशी बाहेर काढून तपासली, तर ती दुसऱ्या घराण्याच्या बी पेशीलाही मदत करत होती. जनुके बदललेली नव्हती. बदलले होते ते वाढीचे घर.

मायकेल बेव्हन, झिंकरनागेल आणि इतरांच्या १९७७-७८ मधील प्रयोगांनी हे शिक्षण कुठे होते, तेही दाखवले: थायमसमध्ये. तिथे कोवळ्या टी पेशींची कडक परीक्षा होते. शरीराची एचएलए खूण ज्यांना अजिबात ओळखता येत नाही, त्या बाद होतात. ज्या तिला पाहून जास्तच भडकतात, त्याही बाद होतात. मधल्या मोजक्या पेशीच बाहेर पडतात. शंभरातल्या पाचसुद्धा उत्तीर्ण होत नाहीत. म्हणजे टी पेशी ‘आपले’ कोण हे जन्माने नव्हे, तर थायमसच्या शाळेत शिकते. जनुकांचा पहारा खरा, पण तो रक्ताच्या नात्याचा नाही. थायमसमध्ये ओळख झालेली खूण समोरच्या पेशीवर आहे का, एवढेच तो तपासतो.

ओंजळीतला तुकडा

ही खूण नेमकी करते काय, हे १९८०च्या दशकात उलगडले. १९८५ मध्ये बासेल येथे अँटोनियो लॅन्झावेकिया यांनी धनुर्वाताचे निष्प्रभ विष ओळखणाऱ्या मानवी बी पेशींवर काम केले. बी पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहकाने ते विष पकडते, पूर्ण गिळते, आत त्याचे तुकडे करते आणि त्यातला एखादा तुकडा पुन्हा पृष्ठभागावर आणून दाखवते. दाखवण्याचे भांडे म्हणजे एचएलएचे प्रथिन. १९८७ मध्ये पामेला ब्योर्कमन आणि डॉन वायली यांच्या गटाने एका एचएलए प्रथिनाची त्रिमित रचना मांडली, तेव्हा त्याच्या वरच्या बाजूला एक खोबण दिसली. जणू दोन तळव्यांची ओंजळ, आणि तिच्यात परक्या प्रथिनाचा छोटा तुकडा.

एवढ्या चित्रावरून मागची कोडी सुटतात. रसायन आणि प्रथिन जोडलेले का लागते? कारण बी पेशी रसायनाला धरून अख्खा जोड गिळते आणि ओंजळीत प्रथिनाचा तुकडा ठेवते. टी पेशी तो तुकडा ओळखते, म्हणजेच ती नेमक्या त्याच बी पेशीला भेटते. परक्या घराण्याला मदत का होत नाही? कारण टी पेशी सुटा तुकडा ओळखत नाही. ती ओंजळ आणि तुकडा एकत्रच वाचते, आणि तिला शिकवलेली ओंजळ तिच्या घरची असते. आणि निरोगी गिनीपिग गप्प का बसले? कारण त्यांच्या ओंजळीचा आकारच असा होता, की त्या पदार्थाचा कोणताही तुकडा तिच्यात नीट बसत नव्हता. तुकडा टिकला नाही, तर टी पेशीला काही दिसत नाही आणि दुसरी किल्ली फिरत नाही.

बी पेशीशी होणाऱ्या या संवादात एचएलए-डीआर, डीक्यू आणि डीपी या ओंजळी वापरल्या जातात. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. मानवजातीत एचएलए जनुकांचे ३० हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. हे वैविध्य निसर्गाची चैन नाही. सगळ्यांची ओंजळ एकसारखी असती, तर तिच्यात न बसणारा एखादा जंतू अख्ख्या वस्तीला भारी पडला असता.

तीन प्रकारची शांतता

हा संवाद तुटला तर काय होते, हे काही दुर्मीळ आजारांत दिसते. १९५२ मध्ये अमेरिकी लष्करी रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांनी वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाचे वर्णन केले. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नव्हतीच. आज हा आजार बी पेशी न घडण्याचा म्हणून ओळखला जातो. दुसरीकडे, डायजॉर्ज सिंड्रोमच्या तीव्र प्रकारात थायमसच नसते, म्हणून टी पेशी नसतात.

तिसरा प्रकार सर्वात बोलका आहे. त्यात बाळाच्या रक्तात बी पेशी असतात, टी पेशीही असतात, फक्त मदतनीस प्रकारच्या टी पेशी कमी असतात. तरीही लस देऊन प्रतिपिंडे होत नाहीत, आणि जुलाब व न्यूमोनिया पाठ सोडत नाहीत. या बाळांच्या पेशींवर डीआर, डीक्यू, डीपी या ओंजळीच उगवत नाहीत. दोघी समोरासमोर असतात, पण दाखवायला हात नाहीत. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच यावरचा मुख्य उपाय आहे. हा आजार आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आल्यावरच होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या घरांत लहान बाळे वारंवार संसर्गाने दगावत असतील, तर ‘घराण्याचा दोष’ म्हणून सोडून न देता रोगप्रतिकारशास्त्राच्या तपासण्या आणि जनुकीय सल्ला घ्यायला हवा.

ओंजळ वाचल्यावर टी पेशीला बी पेशीच्या खांद्यावर हातही ठेवावा लागतो. त्यासाठी सीडी-४० लिगँड नावाचे प्रथिन असते. ते सदोष असले, तर बी पेशी पहिल्या टप्प्याची, आयजीएम जातीची प्रतिपिंडेच बनवत राहते. आयजीजी आणि आयजीए या पुढच्या जातींकडे ती वळू शकत नाही. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा आजार प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो. १९९३ मध्ये त्याचे कारण सापडले.

पुण्यातून आफ्रिकेपर्यंत

टी आणि बी पेशींचा हा नियम कळल्याचा सर्वात मोठा फायदा लहान मुलांना झाला. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणाऱ्या काही जिवाणूंवर साखरेच्या लांब साखळ्यांचे आवरण असते. बी पेशी ते आवरण ओळखतात, पण साखरेचा तुकडा या ओंजळीत बसत नाही. त्यामुळे टी पेशीची मदत मिळत नाही. मोठ्यांच्या बी पेशी अशा वेळी एकट्यानेही थोडे काम चालवून घेतात. दोन वर्षांखालील बाळांना मात्र ते जमत नाही, आणि या जंतूंचा सर्वाधिक धोका त्याच वयात असतो. हिब जिवाणूविरुद्ध १९८५ मध्ये अमेरिकेत आलेली पहिली लस नुसत्या साखरेची होती. ती तान्ह्या बाळांना उपयोगी नव्हती.

उपाय मिचिसन यांच्याच नियमात होता: जोड द्या. साखरेची साखळी धनुर्वात किंवा घटसर्पाच्या निष्प्रभ विषाला रसायनाने जोडली. आता बी पेशी साखर पकडून अख्खा जोड गिळते, ओंजळीत विषाच्या प्रथिनाचा तुकडा ठेवते आणि टी पेशी येऊन मदत करते. प्रतिपिंडे मात्र साखरेविरुद्ध तयार होतात, आणि त्यांची स्मृतीही टिकते. या लसींना ‘कॉन्जुगेट’, म्हणजे संयुग्मित लसी म्हणतात. आपल्या राष्ट्रीय लसीकरणातल्या पेंटाव्हॅलंट लसीतला हिब हा घटक आणि न्यूमोकोकल लस या दोन्ही याच पद्धतीच्या आहेत.

आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालच्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या साथी वारंवार येत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ यांच्या प्रकल्पातून ‘ए’ गटाच्या जंतूची साखर धनुर्वाताच्या निष्प्रभ विषाला जोडून एक लस तयार केली. तिची किंमत डोसमागे अर्ध्या डॉलरपेक्षाही कमी होती. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून तिची मोहीम सुरू झाली, आणि जिथे ती पोहोचली तिथे ‘ए’ गटाचे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले. विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, अशीच संयुग्मित लस नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या लाखाहून अधिक मुलांना दिली.

हाच जोड शरीराच्या विरोधातही जाऊ शकतो. सीलिअ‍ॅक या आजारात गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते, आणि रक्तात शरीराच्याच एका विकराविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण असे: बी पेशी तो विकर पकडते, पण त्याला चिकटलेले ग्लुटेनही गिळले जाते. ओंजळीत ग्लुटेनचा तुकडा येतो आणि ग्लुटेनवर चिडलेली टी पेशी मदत करून जाते. म्हणून गहू बंद केल्यावर विकराविरुद्धची प्रतिपिंडेही ओसरतात. या आजाराच्या जवळजवळ सर्व रुग्णांत डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ याच ओंजळी असतात.

आकडा दहाच्या खाली आला तर

हिपॅटायटिस बीच्या लसीत विषाणूच्या पृष्ठभागाचे एकच प्रथिन असते. संपूर्ण जंतूत शेकडो वेगवेगळे तुकडे मिळतात, त्यातला एखादा तरी ओंजळीत बसतोच. इथे निवड मर्यादित. १९८०च्या दशकापासूनच्या अभ्यासांत लसीला प्रतिसाद न देणाऱ्यांमध्ये डीआर-३ आणि डीआर-७ या गटांच्या ओंजळी अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्या आहेत. पण हा कल आहे, कपाळावरचा लेख नाही. या ओंजळी असलेल्या बहुतेकांना लस लागूच पडते. शिवाय आई-वडिलांकडून दोन संच आलेले असतात, आणि त्यातला एक चालला तरी सहसा भागते.

जनुकांखेरीज इतर कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत: वय चाळिशीपुढे असणे, लठ्ठपणा, धूम्रपान, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, एचआयव्ही. एक कारण तर पूर्णपणे टाळण्यासारखे आहे. प्रौढांना ही लस दंडात द्यायची असते. कमरेखाली दिली, तर ती चरबीत अडकून परिणाम कमी होतो.

म्हणून आकडा दहाच्या खाली आल्यास पुढची वाट ठरलेली आहे. तीन डोसांची पूर्ण मालिका पुन्हा घ्यायची आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची. पहिल्या खेपेस गप्प राहिलेल्यांपैकी अनेकांचे शरीर दुसऱ्या खेपेस बोलू लागते. तरीही आकडा वर आला नाही, तर आधीपासूनच हिपॅटायटिस बीचा संसर्ग नाही ना, हे एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या चाचण्यांनी पाहायचे. अधिक प्रभावी सहायक द्रव्य असलेली नवी लस अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झाली. टी पेशीला जागे करणारा इशारा त्यात अधिक जोरकस असतो.

दुसऱ्या मालिकेनंतरही प्रतिसाद न मिळालेल्या व्यक्तीने सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी आणि तत्काळ नोंद करावी. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल, तर तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे एचबीआयजीचे इंजेक्शन शक्यतो २४ तासांत आणि दुसरे एक महिन्याने घ्यायचे असते. आपल्या बी पेशी जे बनवू शकल्या नाहीत, ते बाहेरून उसने घेण्याचा हा मार्ग आहे. मात्र हे वेळेत मिळण्यासाठी आपण ‘नॉन-रिस्पॉन्डर’ आहोत हे आधी ठाऊक असायला हवे. इथेच खरी गफलत होते. लस घेतल्याची नोंद असते, पण तपासणी केलेलीच नसते. तीन डोस झाले म्हणजे संरक्षण मिळाले, असे गृहीत धरले जाते. कंत्राटी सफाई कामगारांच्या वाट्याला तर अनेकदा डोसही येत नाहीत.

ही तपासणी सर्वांनी करून घेण्याची गरज नाही. आरोग्य कर्मचारी, डायलिसिसचे रुग्ण, बाधित व्यक्तीचे जोडीदार आणि बाधित मातेची बाळे यांच्यासाठी ती आवश्यक आहे. अशा बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस आणि एचबीआयजी दोन्ही द्यायचे, पुढचे डोस पूर्ण करायचे आणि ९ ते १२ महिन्यांच्या वयात रक्त तपासायचे. एकदा आकडा दहाच्या वर गेलेला निरोगी माणूस मात्र निश्चिंत राहू शकतो. पुढे कधी तो घसरला, तरी पेशींची स्मृती शाबूत असते.

गिनीपिगपासून सुरू झालेल्या या साठ वर्षांच्या शोधाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ साधा आहे. प्रतिपिंडे न होणे म्हणजे शरीर कमकुवत असणे नव्हे, आणि तो कोणाचा दोषही नव्हे. दोन पेशींचे एका तुकड्यावरून जुळले नाही, इतकेच. पण ते जुळले की नाही, हे शरीर आपणहून सांगत नाही. त्यासाठी वेळेवर रक्त तपासून घ्यावे लागते.